क्रॅव्हॅट, निक

(जानेवारी १९१२ – २९ जानेवारी १९९४). सर्कशीतील कसरतपटू व पुढे अमेरिकन चित्रपटांतील चरित्र अभिनेता. मूळ नाव निकोलस कुच्चा. जन्म न्यूयॉर्क येथे. बर्ट लँकेस्टर हा त्याचा लहानपणापासूनचा मित्र. दोघांनी आडव्या दांडीवरचा खेळ बसवला आणि १९३०च्या दशकात ‘लँग अँड क्रॅव्हॅट’ या नावाने तो सर्कशींतून केला. १९३९मध्ये दुखापतीमुळे लँकेस्टरला सर्कस सोडावी लागली. पुढे तो चित्रपटांचा नायक झाला आणि त्याच्या पाठोपाठ क्रॅव्हॅटही पडद्यावर आला.

‘द फ्लेम अँड द ॲरो’ (१९५०) आणि ‘द क्रिमझन पायरेट’ (१९५२) या दोन्ही चित्रपटांत तो मुका आहे. त्याचे न्यूयॉर्की उच्चार बाराव्या शतकातल्या लोंबार्दीत किंवा अठराव्या शतकातल्या चाच्यांच्या जहाजावर खपले नसते, म्हणून त्याला गप्प ठेवले, असे कारण सांगितले जाते. ते खोटे नाही. ‘रन सायलेंट, रन डीप’ (१९५८) या पाणबुडीवरील चित्रपटात, जिथे हे उच्चार शोभणारे होते, तिथे तो बोलतोही. पण एवढ्यावर थांबले की त्याचे मौन ही निव्वळ सोय ठरते आणि अभिनय नजरेतून सुटतो. ‘क्रिमझन पायरेट’मध्ये सैनिक पाठलाग करत असताना दोघे गावभर उड्या मारत सुटतात, तो प्रसंग पाहावा. लँकेस्टर उंचापुरा, क्रॅव्हॅट सव्वापाच फुटांच्या आसपास. उडी एकच, पण एकात ऐट दिसते, दुसऱ्यात खोडी. अंगाची अचूक वेळ साधणे सर्कशीने शिकवले होते. त्या वेळेला स्वभाव जोडणे ही मात्र नटाची कमाई आहे.

लँकेस्टरच्या मैत्रीमुळेच त्याला कामे मिळाली, हा आक्षेप वजनदार आहे, कारण दोघांनी तब्बल नऊ चित्रपट एकत्र केले. मैत्रीने दार उघडले, हे मान्यच करावे लागते. पण ‘द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’ या दूरचित्रवाणी मालिकेतला मुका जॅकोपो त्याने लँकेस्टरविना उभा केला. ‘द ट्वायलाइट झोन’मधील ‘नाइटमेअर ॲट २०,००० फीट’ (१९६३) या भागातही लँकेस्टर नव्हता. उडत्या विमानाच्या पंखावर बसलेला राक्षस त्यात क्रॅव्हॅटने केला. अंगावर केसाळ पोशाख, तोंडावर मुखवटा. म्हणजे शब्दांबरोबर चेहराही गेला. हा पोशाख अनेकांना हास्यास्पद वाटतो, आणि स्थिर छायाचित्रात तो तसा दिसतोही. पण पंखावर वाकून इंजिनाकडे कुतूहलाने पाहणारी त्याची ती मान, आणि प्रवाशाच्या भूमिकेतील विल्यम शॅटनरने खिडकीचा पडदा सारताच काचेला भिडलेले ते तोंड, यांत भीती पोशाखाची नाही, हालचालीची आहे. त्याची सर्वांत जास्त पाहिली गेलेली भूमिका हीच, आणि तीत त्याला ओळखणारे प्रेक्षक फार थोडे. ‘द आयलंड ऑफ डॉ. मोरो’ (१९७७) मध्ये तो पुन्हा लँकेस्टरसोबत होता. दोघेही १९९४मध्येच वारले: क्रॅव्हॅट जानेवारीत, लँकेस्टर ऑक्टोबरमध्ये.