संशय आणि आळ

चंदीगडच्या सेक्टर ३९ मध्ये एका सकाळी फिरायला निघालो असता चौकाच्या कोपऱ्यावर लाल फडक्यात गुंडाळलेला नारळ, दोन लिंबे आणि मूठभर काळे उडीद पडलेले दिसले. रस्ता झाडणारा कर्मचारी तेवढी जागा सोडून पुढे गेला. सोबतचे सरदारजी हलक्या आवाजात म्हणाले, "टूणा है जी." क्षणभराने उलगडा झाला, की आपल्या 'जादूटोणा' या जोडशब्दातील टोणा तो हाच. परप्रांतात राहणाऱ्याला आपलेच शब्द असे अवचित भेटतात. घरी परतल्यावर मी कोश उघडून बसलो आणि शासकीय सेवेत अनेक वर्षे मनात घोळत असलेला एक प्रश्न पुन्हा समोर आला.

जोडशब्दाचा पहिला भाग, जादू, फारसीतून आला. अवेस्तातील 'यातु' हे त्याचे पूर्वरूप आणि संस्कृतातील 'यातु' हा त्याचा सख्खा भाऊ. यातुविद्या करणारा तो यातुधान. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील १०४ व्या सूक्तात एक विलक्षण ऋचा आहे. परंपरेने वसिष्ठांच्या नावावर असलेल्या या सूक्तात ऋषी शपथ घेतो, की आपण यातुधान असू तर आजच मरण यावे. आणि जो आपल्याला खोटेच यातुधान म्हणतो त्याला तो शाप देतो. म्हणजे आपल्या अतिप्राचीन वाङ्मयातही हा शब्द एका आरोपिताच्या तोंडी येतो. शब्द जितका जुना, जवळजवळ तितकाच त्याचा आळही जुना.

आता मराठीकडे वळू. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये प्रसिद्ध झाला व त्याची सुधारलेली आवृत्ती १८५७ मध्ये निघाली. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात आले. करणी, चेटूक, मूठ, भानामती, जारणमारण अशा शब्दांचा संसार या कोशांतून आपल्याला पाहता येतो. 'करणी' म्हणजे मुळात नुसती कृती. देवाची करणी वेगळी आणि शेजारणीने केलेली करणी वेगळी. कोशकाराचे काम बोलणाऱ्याच्या मनातील अर्थ नोंदवण्याचे असते. तो अर्थ खरा की खोटा, हा निवाडा त्याच्याकडे नसतो. मात्र त्याच्या हाती एक साधे साधन असते. व्याख्येच्या शेवटी 'अशी समजूत आहे' हे तीन शब्द जोडले, की व्याख्या श्रद्धेची राहते, वस्तुस्थितीची होत नाही. हे तीन शब्द गळले, तर वाचकाला करणी ही विंचवाच्या दंशासारखी घडणारी गोष्ट वाटू लागते.

या शब्दसमूहातील स्त्री-पुरुष भेदही पाहण्यासारखा आहे. मांत्रिक, भगत, देवऋषी ही पुरुषांची नावे व्यवसाय सांगतात. गावात त्यांना मानही असतो. चेटकीण आणि डाकीण ही नावे मात्र आरोप सांगतात. तांत्रिक परंपरेत 'डाकिनी'ला उपास्य स्थान होते. सातपुड्याच्या पाड्यांवर डाकीण ठरवली गेलेली स्त्री मारहाण, बहिष्कार किंवा मृत्यू यांना सामोरी जाते. बहुधा ती विधवा, वृद्ध वा एकटी असते, आणि तिच्या वाट्याच्या जमिनीवर कुणाचा तरी डोळा असतो. तिच्यावर बोट ठेवणारा अनेकदा तोच भगत असतो.

कायदा करणाऱ्यांपुढे खरी अडचण इथेच येते. कोशातली व्याख्या जशीच्या तशी उचलली, तर जे अस्तित्वातच नाही त्याला कायद्याची मान्यता मिळते. इंग्लंडने १७३५ च्या कायद्याने हा पेच सोडवला: चेटूक करणे हा गुन्हा उरला नाही, चेटूक येते असा बहाणा करणे हा गुन्हा झाला. बिहारने १९९९ मध्ये आणि छत्तीसगडने २००५ मध्ये कायदे केले, त्यांत 'डायन' व 'टोनही' यांच्या व्याख्या आहेत. पण ती व्यक्ती 'दुसऱ्या कुणी तशी ठरवलेली', हे त्या व्याख्यांचे सूत्र आहे.

महाराष्ट्राने वेगळी वाट धरली. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. पाठोपाठ अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये अधिनियम मंजूर झाला. या अधिनियमात जादूटोणा म्हणजे काय, याचे वर्णन नाही. अनुसूचीतील कृत्ये म्हणजे जादूटोणा, एवढेच तो म्हणतो, आणि अनुसूचीत बारा नोंदी आहेत. एखादी व्यक्ती करणी करते, मंत्रतंत्राने जनावरांचे दूध आटवते असे भासवून तिचे जगणे कठीण करणे, हे त्यांतील एक कृत्य. चेटकाच्या नावाखाली मारहाण करणे वा नग्न धिंड काढणे, हे दुसरे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे. शब्दाला हात न लावता कृतीला पकडणारी ही रचना मला प्रशासकीय शहाणपणाची वाटते. गंमत एवढीच, की अधिनियमाच्या लांबलचक नावात 'समूळ उच्चाटन' असे शब्द आहेत, आणि उच्चाटन हे तंत्रशास्त्रातील षट्कर्मांपैकी एक! भाषा आपली जुनी वस्त्रे सहजी टाकत नाही.

तरीही एक जागा उरते, आणि ती आपल्या, म्हणजे कागद लिहिणाऱ्यांच्या, हातची आहे. फिर्यादीत, अहवालात, वृत्तपत्रांच्या मथळ्यांत आपण लिहितो: 'जादूटोण्याच्या संशयावरून वृद्धेस मारहाण.' चोरीचा संशय खरा ठरू शकतो, कारण चोरी घडू शकते. जादूटोण्याने माणूस आजारी पडल्याचा संशय कधीच खरा ठरणार नाही. मग तिथे 'संशय' हा शब्द कसा चालेल? तो शब्द मारणाऱ्याला अर्धी सूट देऊन टाकतो. जणू चौकशीअंती काहीतरी निघालेही असते. मराठीत यासाठी नेमका शब्द आहे, आळ. 'जादूटोण्याचा आळ घेऊन मारहाण' असे लिहिले, की दोष जागच्या जागी जातो.

त्या सकाळचा नारळ दुपारपर्यंत तसाच पडून होता. संध्याकाळी पाहिले तर कुणीतरी तो उचलून नेला होता. नारळ उचलून नेता येतो. कागदावर लिहिलेला शब्द मात्र दप्तरात राहतो. म्हणून तो जपून लिहावा.