मोनॅकोच्या कड्याखालचें शेवाळ

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याला लागून मोनॅको नांवाचें एक चिमुकलें संस्थान आहे. तेथील जुगारगृहांची कीर्ति आपल्यापैकीं पुष्कळांच्या कानीं असेल. पण त्याच गांवीं, समुद्रांत पाय सोडून बसल्यासारख्या एका कड्यावर, तेथील राजा पहिला आल्बर्ट यानें १९१० सालीं सागरविद्येचें एक संग्रहालय उघडलें. ज्या शेवाळाची हकीकत मी आज सांगणार आहें, तिचा आरंभ या संग्रहालयाच्या भिंतीखालीं झाला.

‘कॉलर्पा टॅक्सिफोलिया’ हें त्याचें शास्त्रीय नांव. रंगानें हिरवेंगार, आकारानें पक्ष्याच्या पिसासारखें, आणि मूळचें उष्ण समुद्रांतील. जर्मनींत श्टुटगार्ट येथील मत्स्यालयांत त्याचा एक वाण विलक्षण जोमानें वाढूं लागला; थंड पाण्यांतहि तो तगून राही. शोभेची वस्तु म्हणून तो एका मत्स्यालयांतून दुसऱ्यांत गेला व १९८० नंतर लवकरच मोनॅकोला पोंचला. १९८४ मध्यें संग्रहालयाच्या खालच्या समुद्रांत पाणबुड्यांना त्याचा चौरस मीटरभर पुंजका दिसला. हिवाळ्यांत तो मरेल, असा समज होता. त्या वेळीं संग्रहालयाचे प्रमुख होते झाक-ईव्ह कूस्तो. पाठीवर हवेचीं नळकांडीं बांधून पाण्याखालीं श्वास घेण्याचें साधन १९४३ मध्यें एमिल गान्यां यांच्या सहकार्यानें ज्यांनीं सिद्ध केलें, तेच हे. तें साधन नसतें, तर हा इतिहास कोणाच्या दृष्टीसहि पडता ना!

१९८९ मध्यें नीस येथील वनस्पतिशास्त्रज्ञ अलेक्सांद्र मेनेझ यांनीं तेथें बुडी घेतली, तों तें शेवाळ सुमारें एक हेक्टर पसरलेलें. खडक, वाळू, चिखल, कांहींच त्याला वर्ज्य नव्हतें. भूमध्य समुद्रांत ‘पॉसिडोनिया’ नांवाचें समुद्रगवत आहे. त्याच्या कुरणांत असंख्य माशांची पिलें वाढतात. त्या कुरणांतहि तें शिरलें. त्याच्या अंगीं एक विषारी द्रव्य असल्यानें तेथील बहुतेक मासे व जलचर त्याला तोंड लावीत नाहींत. आणखी एक नवल असें कीं, पसरलेलें सबंध झाड म्हणजे एकच पेशी! भूमध्य समुद्रांत त्याला बीज धरावें लागत नाहीं. तुटलेला तुकडा जेथें पडेल तेथें रुजतो. नौकेच्या नांगराला अडकलेला तुकडा ओलसर कोंदट जागीं कित्येक दिवस जिवंत राहतो. मग हौशी लोकांच्या नौका त्याला बंदरोबंदरीं पोंचवितात. १९९० मध्यें तें जवळच्या काप मार्तांपाशीं आढळलें. १९९२ पर्यंत स्पेनच्या व इटलीच्या किनाऱ्यांवरहि.

या मुदतींत शास्त्रज्ञांत मात्र वाद जुंपला होता. हें शेवाळ आमच्याकडून गेलेंच नाहीं, निसर्गक्रमानें आलें, असें संग्रहालयाच्या बाजूनें सांगण्यांत आलें. मेनेझ यांनीं १९९७ मध्यें या सर्व प्रकरणावर एक तिखट पुस्तकच लिहिलें. पुढच्याच वर्षीं आनुवंशिक द्रव्याच्या तपासणीनें समुद्रांतील व मत्स्यालयांतील वाण एकच असल्याचें दाखविलें. त्याचें माहेर ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर असल्याचेंहि मागाहून कळलें. पंडितांनीं वादांत जीं वर्षें दवडलीं, तीं शेवाळानें दवडलीं नाहींत.

अमेरिकेनें हा धडा वेळीं घेतला. जून २००० मध्यें कॅलिफोर्नियांत सॅन डिएगोच्या उत्तरेस एका खाजणांत समुद्रगवताची पाहणी करणाऱ्या पाणबुड्यांना हें शेवाळ दिसलें. कांहीं आठवड्यांतच त्यावर काळीं ताडपत्रीं अंथरून आंत क्लोरिन सोडण्यांत आला. सहा वर्षें पहारा चालला, लाखों डॉलर खर्चीं पडले, आणि २००६ मध्यें तें निर्मूल झाल्याचें जाहीर झालें.

भूमध्य समुद्रांत तसें झालें नाहीं. पुढें फ्रान्सच्या किनाऱ्यावर तें पुष्कळच ओसरलें खरें. पण कां ओसरलें, याविषयीं एकमत नाहीं. इतक्यांत त्याच्याच कुळांतील दुसरें एक शेवाळ, ‘कॉलर्पा सिलिंड्रेसिया’, १९९० मध्यें लिबियाच्या किनाऱ्यावर आढळलें. तेंहि ऑस्ट्रेलियाचेंच, नैर्ऋत्य भागांतलें. आणि भूमध्य समुद्रांत तें पहिल्यापेक्षांहि दूरवर पसरलें आहे.