मद्य, मोटार आणि घड्याळ



मद्यप्राशन केल्यावर किती वेळानें मोटार हांकावी, हा प्रश्न वरवर पाहतां साधा वाटतो. परंतु त्याचें अंकांत उत्तर मिळण्यास बराच काळ लोटावा लागला. त्या शोधाची हकीकत आज आपणांपुढें थोडक्यांत ठेवावयाची आहे.

इंग्लंडांत १८७२ सालींच असा कायदा झाला होता कीं, घोडा, गाडी, गुरें किंवा वाफेचें यंत्र ताब्यांत असतां जो झिंगलेला आढळेल तो शिक्षेस पात्र व्हावा. पुढें १८९७ च्या सप्टेंबरांत लंडनमध्यें जॉर्ज स्मिथ नांवाच्या हांक्यानें आपली विजेवर चालणारी भाड्याची गाडी एका इमारतीवर नेऊन आदळली. त्यानें गुन्हा कबूल केला व त्यास २५ शिलिंग दंड झाला. पण जो कबूल होणार नाहीं त्याचें काय? अशा आरोपीस सरळ रेषेवरून चालावयास लावीत, अवघड शब्द उच्चारावयास सांगत, आणि मग डॉक्टर आपलें मत देत. ज्याच्या अंगीं दारू मुरलेली, तो नीट चालून सुटावयाचा. एखादा आजारी मनुष्य मात्र अडखळून संशयास पात्र व्हावयाचा.

हा अंदाजाचा कारभार संपविण्याचें श्रेय मुख्यतः स्वीडनमधील लुंड येथील शास्त्रज्ञ एरिक विडमार्क यांस द्यावें लागेल. रक्ताच्या कांहीं थेंबांवरून त्यांतील मद्यार्काचें प्रमाण मोजण्याची रीत त्यांनीं १९२२ सालीं प्रसिद्ध केली. तत्पूर्वीं १९१९ मध्यें इंग्लंडांत एडवर्ड मेलनबी यांनीं कुत्र्यांवर प्रयोग करून दाखविलें होतें कीं, मद्यार्क रक्तांतून जवळजवळ ठराविक गतीनें नाहींसा होतो. विडमार्क यांनीं मनुष्यांच्या बाबतींत या गतीचें गणित बसविलें व १९३२ सालच्या आपल्या ग्रंथांत तें मांडलें. १९३६ सालीं नॉर्वेनें रक्तांतील प्रमाणाचीच मर्यादा कायद्यांत घातली: दर हजारीं अर्धा भाग. १९५४ मध्यें अमेरिकेंत रॉबर्ट बोर्केनस्टाइन यांनीं श्वासावरून हें प्रमाण सांगणारें सुटसुटीत यंत्र तयार केलें. ब्रिटनच्या १९६७ सालच्या कायद्यानें १०० मिलिलिटर रक्तांत ८० मिलिग्रॅम ही मर्यादा ठरविली. भारताच्या मोटार वाहन कायद्यानें ती ३० मिलिग्रॅम इतकी कडक ठेविली.

आतां प्रत्यक्ष हिशेब पाहूं. रक्तांतील हें प्रमाण ताशीं सुमारें १५ मिलिग्रॅमनें उतरतें. मध्यरात्रीं ज्याच्या रक्तांत १५० मिलिग्रॅम मद्यार्क आहे, त्याच्या रक्तांत सकाळीं आठ वाजतां अजून ३० उरलेले असतात. तो पुरता निवळावयास दहा वाजतात. ज्याची गति ताशीं दहाच, त्यास तर दुपारचे तीन वाजावे लागतात! म्हणजे रात्रभर झोंप घेऊन, दाढी करून, धुतलेला सदरा चढवून कचेरीस निघालेला गृहस्थ मद्याच्या अंमलाखालींच चक्र हातीं धरतो, आणि त्याचा त्याला पत्ताही नसतो.

कढत कॉफी, थंड पाण्याचें स्नान, लिंबाचें सरबत हे उपाय घरोघरीं सांगितले जातात. त्यांनीं डोळ्यांवरची झांपड कदाचित् उडेल. पण मद्यार्काचा निकाल लावण्याचें काम मुख्यतः यकृताचें, आणि तें आपल्याच चालीनें चालतें. पिण्यापूर्वीं पोटभर जेवलें असतां मद्यार्क रक्तांत सावकाश उतरतो हें खरें. परंतु एकदां उतरल्यावर जेवणाचा उपयोग नाहीं.

शिवाय, कायद्याची मर्यादा ही निर्धोकपणाची मर्यादा नव्हे. तिच्या आंतही नजर व हात मंदावूं लागतात, आणि रस्ता ओलांडणाऱ्या मुलाला आपल्यासमोरील हांक्याच्या रक्तांत किती मिलिग्रॅम आहेत हें कळण्याचें कांहींच साधन नसतें. यास्तव पहिल्या प्रश्नाचें सुरक्षित उत्तर असें कीं, रात्रीं बेतानें घेतलें असेल तरी सकाळपर्यंत गाडीस हात लावूं नये. अधिक घेतलें असेल तर दुसरा सबंध दिवस ती दुसऱ्याच्या हातीं द्यावी. विडमार्क यांच्या गणितानें आपणांस वाट पाहण्याचा काळ मोजावयास शिकविलें. तो काळ कमी करण्याची घरगुती युक्ति मात्र अद्याप कोणाच्याही हातीं लागलेली नाहीं.