भिंतीचा रंग कोण ठरवतं?

तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने घराच्या रंगकामावर काय बोलावं, असं काहींना वाटेल. पण हा विषय आमच्या घरातच निघाला.

दिवाळीआधी आम्ही मस्तगडाजवळच्या आमच्या जुन्या घराला रंग द्यायचं काढलं. रंगारी शेडकार्ड घेऊन आला आणि म्हणाला, "सर, सगळीकडे ऑफ-व्हाइट मारू. हल्ली हेच चालतं. उद्या घर विकायचं झालं तरी अडचण नाही." आम्हा दोघांना माजघराची भिंत निळी हवी होती. मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, न्यूट्रल ठेवा." त्या शब्दापाशी आम्ही अडलो. न्यूट्रल म्हणजे तटस्थ. भिंत खरंच तटस्थ असते का?

आधी आपल्या गावचं बघू. जालन्याचा किल्ला १७२५ साली निजाम-उल-मुल्क आसफजाहच्या हुकमावरून काबिलखानाने बांधला. त्याचा बालेकिल्ला म्हणजे हा मस्तगड. मराठवाड्यातली जुनी साधी घरं धाब्याची, मातीची. भिंती पांढऱ्या मातीने पोतारायच्या, जमीन शेणाने सारवायची, कडेला गेरूचा पट्टा ओढायचा. चुना परवडत असेल तर कळीचा चुना भिजत घालायचा. तो रटरटून निवला की त्यात थोडा डिंक आणि नीळ. चिमूटभर नीळ टाकली की चुन्याचा पिवळटपणा जाऊन पांढरा उजळायचा, मूठभर टाकली की भिंत आभाळी व्हायची. आमच्या घरी ती मूठ आईची होती. शेजारच्या काकूंची मूठ वेगळी, म्हणून त्यांचा निळाही वेगळा.

या निळीचा प्रवास ऐकण्यासारखा आहे. अजिंठ्याच्या चित्रांतला निळा हा अफगाणिस्तानातून आलेल्या लाजवर्दी दगडाचा. फार महाग. १८२८ साली फ्रान्समध्ये गिमे नावाच्या रसायनतज्ज्ञाला तोच रंग कृत्रिमरीत्या बनवल्याबद्दल बक्षीस मिळालं. त्यानंतर तो स्वस्त झाला आणि कपडे धुण्याच्या निळीच्या रूपात गोरगरिबांच्या घरांत पोचला. राजाश्रयाचा रंग आईच्या मुठीत आला, तो असा.

मग फिका रंग 'सभ्य' कधी झाला? गटेचा रंगसिद्धान्त १८१० साली प्रसिद्ध झाला. त्यात तो म्हणतो की रानटी लोकांना, अशिक्षितांना आणि मुलांना भडक रंग आवडतात. सुसंस्कृत माणसं कपड्यांत आणि भोवतालच्या वस्तूंत ते टाळतात. म्हणजे इथे रंगावरून माणसाची पायरी ठरते आहे. पुढे १९२५ साली ल कॉर्बुझिए, म्हणजे ज्याने नंतर चंदीगड आखलं तो, प्रत्येकाने आपल्या भिंती पांढऱ्याशुभ्र रंगवाव्यात असं लिहितो. गंमत म्हणजे त्याच सुमारास फ्रान्समधल्या पेसाक इथे तो कामगारांसाठी घरं बांधत होता आणि त्यांना विटकरी, निळे, हिरवे रंग देत होता! राहायला आलेल्यांनी पुढे ती घरं आपापल्या सोयीने बदलली. १९३१ साली त्याने भिंतीच्या कागदांसाठी ४३ छटांचा संच केला. आमच्या रंगाऱ्याच्या हातातलं शेडकार्ड आम्हाला त्याच कुळातलं वाटतं.

आता निळ्याकडे परत येऊ. १९४२ साली बाबासाहेबांच्या पुढाकाराने शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झालं, त्याचा झेंडा निळा. १९७८ साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात दलितांची घरं जाळली गेली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं. या प्रदेशातल्या एखाद्या भीमनगरातली निळी भिंत ही सजावट नसते. "आम्ही इथे आहोत आणि मान वर करून आहोत," असं ती सांगत असते. आमच्या निळ्यात आईची आठवण आहे, त्या निळ्यात लढा आहे. दोन्ही एकच, असं म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही. पण त्या भिंतीला कोणी 'भडक' म्हटलं, तर बोलणारा तटस्थ नसतो एवढं नक्की.

आमचं पांढऱ्याशी भांडण नाही. जालन्याच्या उन्हाळ्यात गच्चीला पांढरा थर दिला तर खालची खोली कमी तापते. अंधाऱ्या खोलीत फिका रंग उजेड वाढवतो. ही कारणं आहेत, आणि कारण देऊन केलेली निवड आपली असते. "हल्ली हेच चालतं" हे मात्र कारण नव्हे. आणि विकायच्या विचाराने रंगवलेल्या घरात आपण अजून न आलेल्या गिऱ्हाइकाचे भाडेकरू होऊन राहतो.

शेवटी रंगाऱ्याने निळा तीनदा कालवला. शेडकार्डातला एकही जुळेना. तिसऱ्या वेळी आमची पत्नी म्हणाली, "हा सासूबाईंचा नाही, पण आपला आहे." तोच लावला. मुलगा दिवाळीला आला, भिंतीकडे बघत बसला आणि म्हणाला, "आजीचं स्वयंपाकघर असंच होतं ना?"

तेव्हा आज घरी गेलात की आपल्या भिंतीकडे एकदा बघा आणि विचारा, हा रंग कोणी ठरवला? उत्तर 'आम्ही' असेल, तर पांढराही चालेल.