पिंजाऱ्याच्या कमानीची मूठ

गेवराई, माजलगाव या भागांतील काळ्या जमिनीत कापूस पिकत आल्याने बीड जिल्ह्यात पिंजाऱ्याच्या व्यवसायाला कायमचे काम होते. सरकी काढलेली पण गाठी धरलेली रुई मोकळी करून ती सूत कातण्याजोगी किंवा गादी-रजईत भरण्याजोगी करणे हे ते काम, आणि पिंजारी समाजाचे ‘नद्दाफ’ हे दुसरे नाव मूळ अरबी असून त्याचाही अर्थ कापूस पिंजणारा असाच आहे. पिंजाऱ्याचे हत्यार म्हणजे कमान. इतिहासकार इरफान हबीब यांनी तिच्या प्रसाराचा संबंध तेराव्या-चौदाव्या शतकांतील तंत्रबदलाशी जोडला, तर इतर अभ्यासकांनी त्याहून जुन्या उल्लेखांकडे लक्ष वेधले.

या चर्चेत कमानीच्या मुठीला मात्र जागा मिळत नाही, आणि कारागिराच्या दृष्टीने ही मोठीच उणीव आहे. कमानीचा लाकडी दांडा पुरुषभर लांब असून त्याच्या एका टोकाला रुंद फळी आणि दुसऱ्या टोकाला बाक असतो. या दोहोंमध्ये तांत, म्हणजे जनावराच्या आतड्यापासून वळलेली दोरी, ताणलेली असते. फळीकडचे वजन जास्त असल्याने भार दोन्हीकडे सारखा तोलला जाईल अशीच जागा हाताला शोधावी लागते. कमान वरून दोरीने टांगली तरी तिला रुईच्या ढिगावर नेणे, उचलणे आणि किंचित तिरपी करणे हे सारे डाव्या हातानेच होते. उजव्या हातातला, मध्ये निमुळता व टोकांना फुगीर असा लाकडी दस्ता तांतीवर बसला की तांत थरथरते, तिला चिकटलेले तंतू सुटे होऊन उडतात, कचरा खाली गळतो, आणि प्रत्येक ठोक्याचा हादरा दांड्यातून तळहातात उतरतो. म्हणून मुठीच्या जागी चिंध्यांची जाड गुंडाळी करीत आणि हाताच्या पाठीवरून कापडी पट्टा घेत, ज्यामुळे बोटे आवळून न धरताही कमान हातातून निसटत नसे. दिवसभराच्या कामात हा सैलपणाच मनगटाला वाचवी.

1920 च्या दशकातील खादी चळवळीने लहान, सुटसुटीत पिंजण घरोघरी नेण्याचा प्रयत्न केला. खांद्यावर कमान टाकून, तांत वाजवीत गल्लीबोळांतून फिरणारा पिंजारी पुढे विजेच्या यंत्रांमुळे दिसेनासा होत गेला. त्या यंत्रांवर हाताने फक्त रुई आत सारायची असते.