बीजांडाला जाग आणणारं कॅल्शियम

ओटो वारबुर्ग यांनी 1908 साली नेपल्सच्या सागरी संशोधन केंद्रात सी अर्चिन या काटेरी समुद्रजीवाची बीजांडं किती प्राणवायू घेतात, ते मोजलं. फलन होताच हे प्रमाण सुमारे सहापट झालं. निपचित पडलेली पेशी एकाएकी जोरानं श्वसन करू लागते, एवढं कळलं. तिला उठवतं कोण, हे उलगडायला जवळजवळ शतक गेलं.

संशय कॅल्शियमवर होता. फलनाच्या वेळी बीजांडात बांधलेलं कॅल्शियम सुटं होतं, असं डॅनियल मेझिया यांनी 1937 साली दाखवलं. पण ते डोळ्यांना दिसणार कसं? इथे जेलीफिश उपयोगी पडली. ओसामू शिमोमुरा यांनी 1962 साली तिच्यातून वेगळं केलेलं एक्वोरिन हे प्रथिन कॅल्शियमच्या संपर्कात येताच निळं उजळतं. लायोनेल जाफे आणि सहकाऱ्यांनी 1977-78 मध्ये ते मेडाका माशाच्या बीजांडात टोचलं, आणि शुक्राणू शिरतो त्या टोकापासून निघालेली उजेडाची लाट बीजांडभर सरकताना दिसली.

सस्तन प्राण्यांत मात्र एका लाटेवर भागत नाही. उंदराच्या बीजांडात दर दहा-वीस मिनिटांनी एक, अशा लाटा काही तास येत राहतात. त्या उठवतं कोण? कार्ल स्वान यांनी 1990 साली शुक्राणूंचा नुसता अर्क हॅमस्टरच्या बीजांडात टोचला, तरी लाटा सुरू झाल्या. म्हणजे शुक्राणू आत काहीतरी घेऊन येतो. 1996 साली स्वान आणि टोनी लाई यांच्या गटानं ऑसिलिन नावाचं प्रथिन पुढे केलं, ते टिकलं नाही. तरी त्यांनी शोध सोडला नाही, याचं मला फार मोल वाटतं. 2002 मध्ये त्यांना पीएलसी-झीटा हे विकर सापडलं. त्यामुळे आयपी-3 हा रेणू तयार होतो आणि तो पेशीतल्या साठ्याचं कॅल्शियम मोकळं करतो.

मला या कथेतला सर्वांत मोलाचा भाग पुढचा वाटतो. नावेत शिरलेलं पाणी उपसावं तसं प्रत्येक लाटेनंतर कॅल्शियम पुन्हा साठ्यात ओढावं लागतं, आणि त्याला एटीपी हा पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू लागतो. रेमी ड्युमोलार्ड आणि जॉन कॅरोल यांच्या गटानं 2004 साली उंदराच्या बीजांडातल्या मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे एटीपी बनवणारे पेशीतले भाग, बंद पाडल्या, तेव्हा लाटा थांबल्या आणि कॅल्शियम वाढतच गेलं. उलट बाजूनं, प्रत्येक लाट मायटोकॉन्ड्रियांना अधिक काम करायला लावते. हाक शुक्राणूची असली, तरी तिला लागणारी ऊर्जा बीजांडातल्या, म्हणजे आईकडच्या, मायटोकॉन्ड्रिया पुरवतात.

कृत्रिम फलनाच्या, 1992 पासून रूढ झालेल्या इक्सी पद्धतीत शुक्राणू थेट बीजांडात सोडतात. तरीही काही जोडप्यांत फलन होत नाही. अशा काही पुरुषांत पीएलसी-झीटा सदोष आढळलं आहे. तिथे डॉक्टर बीजांडाला कॅल्शियम आयनोफोरच्या, म्हणजे कॅल्शियमला पेशीपटलातून वाट देणाऱ्या रसायनाच्या, द्रावणात ठेवतात. त्यातून लाटांची मालिका उठत नाही, कॅल्शियम एकदाच मोठ्यानं चढतं, आणि बऱ्याचदा तेवढ्यावरही गर्भ वाढू लागतो.