शिक्का कुणाचा, बट्टा कुणाला?

या आठवड्याचा भाग ज्यांना ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी हे लिखाण. माईकसमोर जसं बोललो तसंच ठेवलंय, मधले 'म्हणजे' आणि 'बरं का' तेवढे कमी केलेत.

सुरुवात एका फोनने करतो. साधारण तीन वर्षांपूर्वी मी इथेच, चिकलठाण्याच्या बाजूला, एका छोट्या कंपनीत कोड लिहायचो. आमच्याकडे एका सरकारी कार्यालयाच्या ॲपचं काम होतं. मूळ कंत्राट दुसऱ्याच कंपनीचं, आम्ही त्यांचे पोटकंत्राटदार. ॲप उघडलं की पहिल्या स्क्रीनवर सिंहांची राजमुद्रा, खाली कार्यालयाचं नाव आणि तळाशी मदतीसाठी एक नंबर. तो फोन माझ्या टेबलावर वाजायचा.

एक दिवस पैठणकडून एका काकांचा फोन आला. अर्ज भरला होता, 'यशस्वी' असा हिरवा मेसेजही आला होता, पण यादीत नाव नाही. मुदत संपून गेलेली. मी लॉग काढून बघितला. अर्ज सर्व्हरपर्यंत पोचलाच नव्हता, आणि तो हिरवा मेसेज दाखवणारा कोड माझा होता.

मी विचारलं, "काका, पावती डाउनलोड केली होती का?"

ते म्हणाले, "साहेब, वर सिंह होते ना. मग पावती कशाला?" आणि मग म्हणाले, "तुम्ही सरकारातूनच बोलताय ना?"

मी म्हणालो, "हो."

फोन ठेवल्यावर मी पहिल्यांदा कंत्राटाची फाइल नीट वाचली. त्यात स्पष्ट लिहिलं होतं: कार्यालयाचं नाव आणि बोधचिन्ह फक्त ठरवून दिलेल्या कामापुरतं वापरायचं. जाहिरातीत, वेबसाइटवर, व्हिजिटिंग कार्डावर लेखी परवानगीशिवाय घ्यायचं नाही. आणि कंत्राटदाराच्या माणसाने स्वतःला कार्यालयाचा माणूस म्हणवून घ्यायचं नाही. म्हणजे माझं ते एका अक्षराचं 'हो' नियमात बसत नव्हतं.

तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात आहे. शिक्का सरकारचा आणि हात कंत्राटदाराचा, ही भानगड किती जुनी असेल? शोधायला फार लांब जावं लागलं नाही. आपल्याच शहरात तिचा एक धागा सापडतो.

हे शहर मलिक अंबरने 1610 मध्ये 'खडकी' म्हणून वसवलं. 1653 मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून परत आला आणि त्याचं औरंगाबाद झालं. इथे मुघलांची टांकसाळ होती. तिच्या नाण्यांवर शहराचं नाव पुढे 'खुजिस्ता बुनियाद' असं यायला लागलं. अर्थ 'शुभ पायाचं शहर'. रुपया म्हणजे सुमारे 11 ग्रॅम चांदी. वर बादशहाचं नाव, त्याच्या कारकिर्दीचं वर्ष आणि टांकसाळीचं नाव. त्या काळी तेच सरकारी बोधचिन्ह समजा.

आता गंमत बघा. 1724 नंतर दख्खनमध्ये खरी सत्ता निजामाची, पण नाण्यावर नाव दिल्लीच्या बादशहाचंच. हे 1857 च्या उठावापर्यंत चाललं. मराठ्यांच्या राज्यातही बहुतेक रुपये बादशहाच्या नावानेच पडायचे. कारण साधं होतं. बाजाराला त्या छापाची सवय होती. ज्या नावावर लोकांचा विश्वास, ते नाव नाण्यावर.

आणि हे नाणं पाडायचं कोण? अनेक ठिकाणी कंत्राटदार! न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी मराठ्यांच्या टांकसाळींवर एक निबंध लिहिलाय, त्यात पेशवे दफ्तरातले असे करार सापडतात. 1744 मध्ये नागोठण्याच्या बाळाजी बापूजी यांना तांब्याची नाणी पाडायचा परवाना मिळाला. मुदत 3 वर्षं. सरकारात ठरलेली फी भरायची. आणि अट अशी की नाण्याचं वजन 10 मासे भरलं पाहिजे. मुदत, फी, गुणवत्तेची अट... मंडळी, हे आपलं टेंडरच झालं की!

अडचणही तीच, जी आज आहे. शिक्का हातात आला की कंत्राटदाराला मोह होतो. चांदीत थोडं तांबं जास्त घाला, वजनात गुंजभर कमी करा, वर छाप तोच मारा. नाव खराब होणार राज्याचं, फायदा आपला. दक्षिणेकडे खासगी टांकसाळींनी इतकी खोटी नाणी बाजारात सोडली, की 1765 च्या सुमारास माधवराव पेशव्यांच्या सरकारने तिकडच्या खासगी टांकसाळी बंद करून धारवाडला एक टांकसाळ उभी केली. निजामाच्या राज्यातही पुढे हेच झालं. पहिले सालारजंग 1853 मध्ये दिवाण झाले. तोवर तिथे शेतसारासुद्धा कंत्राटाने वसूल व्हायचा. त्यांनी ती पद्धत मोडली, जागोजागच्या टांकसाळी बंद केल्या आणि नाणं पाडायचं काम हैदराबादच्या सरकारी टांकसाळीत आणलं. तिथला रुपया म्हणजे 'हाली सिक्का'. मराठवाड्यातल्या आपल्या पणजोबांनी तोच वापरला.

पण सुधारणा व्हायच्या आधी सामान्य माणूस काय करत होता? तो सराफाकडे जायचा. सराफ नाणं दगडावर आपटून आवाज ऐकायचा, कसोटीवर घासायचा, तोलायचा. नाणं कमअस्सल किंवा जुनं निघालं की दर्शनी किमतीतून काही रक्कम कापायचा. त्या कापणीला म्हणायचे 'बट्टा'. नावाला बट्टा लागणे हा आपला वाक्प्रचार या व्यवहाराशी जोडलेला आहे. आणि नाणं चांगलं वाजलं तर ते खणखणीत!

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पुढची आहे. छाप मारायचा ठसा बहुतेक वेळा नाण्यापेक्षा मोठा असायचा. त्यामुळे बादशहाचं नाव अर्धंच उमटायचं, टांकसाळीचं नाव तर कित्येकदा नाण्याच्या बाहेरच जायचं. मग नाणं कुठलं हे ओळखायचं कसं? तर एका लहानशा खुणेवरून. पुण्याच्या रुपयावर हत्तीच्या माहुताचा अंकुश असायचा, म्हणून तो अंकुशी रुपया. सराफाला बादशहाच्या मोठ्या नावाशी फारसं घेणंदेणं नव्हतं, ते सगळीकडे सारखंच. त्याची नजर त्या बारक्या खुणेवर असायची, कारण हे नाणं कोणी पाडलं आणि बट्टा किती लावायचा, ते तीच सांगायची.

आता आजच्या काळात या. 26 जानेवारी 1950 ला सारनाथचा सिंहस्तंभ आपली राजमुद्रा झाला. त्याच वर्षी बोधचिन्हं आणि नावांचा गैरवापर रोखणारा कायदा आला. पुढे खास राजमुद्रेसाठी 2005 चा कायदा आणि 2007 चे नियम आले. सार एवढंच की, हे काम सरकारचं आहे असा भास होईल अशा रीतीने राजमुद्रा किंवा तिची नक्कल परवानगीशिवाय वापरायची नाही. धंद्यासाठी तर नाहीच. शिक्षा 2 वर्षांपर्यंत कैद, किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मोहाला लगाम बसला, हे चांगलंच झालं. आज बनावट सरकारी ॲप आणि लिंक पाठवून लोकांना फसवणारे किती आहेत, ते तुम्हाला माहीतच आहे.

पण माझी अडचण त्या काकांची आहे. आमच्या ॲपवर मोठा शिक्का होता, अगदी परवानगीने लावलेला. बारकी खूण मात्र कुठेच नव्हती. कोणी बनवलं, चुकलं तर कोणाला धरायचं, काही नाही. कंत्राटदाराने शिक्का मिरवू नये हा नियम योग्यच. पण त्याच्या आडून कंत्राटदार पूर्ण अदृश्य झाला, तर काकांनी बट्टा कोणाला लावायचा?

दोन्ही खुणा एकत्र नांदू शकतात, हे बघायचं असेल तर आपल्या सराफ्यात जा. आजीच्या पाटल्या विकायला किंवा ताईचं मंगळसूत्र घ्यायला कधी गेला असाल. सोन्याच्या दागिन्यावर हॉलमार्क असतो. भारतीय मानक ब्युरोचं त्रिकोणी चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी क्रमांक. 1 एप्रिल 2023 पासून हा क्रमांक सक्तीचा झाला. दागिना तपासणारी केंद्रं बहुतेक खासगी आहेत, म्हणजे इथेही शिक्का सरकारचा आणि हात खासगी. पण तो क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाका, कोणत्या सराफाने दागिना तपासायला दिला आणि कोणत्या केंद्राने तपासला ते समोर येतं. आयएसआय मार्कचंही तसंच, चिन्हाखाली कारखान्याचा परवाना क्रमांक असतो. रस्त्याच्या कामावर जो फलक असतो ना, ठेकेदाराचं नाव आणि दोषदायित्व कालावधी लिहिलेला, तोही एक अंकुशच. पुढच्या वेळी खड्डा चुकवताना तो फलक शोधा, फोटो काढून ठेवा.

मला वाटतं प्रत्येक सरकारी ॲपच्या तळाशी अशी एक ओळ असावी: हे कोणी बनवलं, कंत्राट क्रमांक किती, तक्रार कुठे करायची. राजमुद्रेइतकी मोठी नको. बारकी चालेल, पण वाचता यायला हवी.

काकांचं पुढे काय झालं? मी साहेबांना लॉग दाखवला, त्यांनी कार्यालयाला मेल केला, पण त्या वर्षी अर्ज घेतला गेला नाही. चार दिवस हिंमत गोळा करून मी काकांना पुन्हा फोन लावला. म्हणालो, "काका, मी सरकारातून बोलत नाही. मी कंत्राटदाराकडचा पोरगा आहे. चूक माझ्या कोडमध्ये होती."

पलीकडे थोडा वेळ शांतता. वाटलं, आता शिव्या पडणार.

काका म्हणाले, "मग आधी तुझं नाव सांग."

मी सांगितलं. त्यांनी ते कुठेतरी लिहून घेतलं. पुढच्या वर्षी अर्ज भरायच्या आधी त्यांनी मला फोन केला, आणि पावती निघाल्याशिवाय ठेवला नाही.

चला, भेटू पुढच्या भागात. आणि हो, हिरवा मेसेज आला तरी पावती घ्या!